जपानी पद्धत आली, जपानी तांदूळ का नाही आला?

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलण्यातले "अं", "हां" काढलेत, बाकी बोललोय तसंच ठेवलंय.)

लोकलमध्ये असाल तर इयरफोन नीट लावा, कारण आज आपण भात खाणार आहोत. म्हणजे भाताबद्दल बोलणार आहोत.

या एपिसोडची सुरुवात मामाच्या फोनने झाली. माझा मामा कर्जत तालुक्यात राहतो, राजनाल्याच्या पट्ट्यात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: टाटांच्या भिवपुरीच्या वीजघरातून जे पाणी बाहेर पडतं, ते राजनाला कालव्यात येतं, म्हणून तिथे पावसाळ्यानंतर उन्हाळी भातही निघतं. मामाची दोन एकर आहे. मामा म्हणाला, "भाच्या, एक माणूस आलाय. सुशीचा तांदूळ लाव म्हणतोय. बियाणं तोच देणार, माल तोच उचलणार. कोलमच्या तिप्पट भाव. काय करू?"

आता मी कोण सांगणार? मी इतिहासाचा पॉडकास्ट करतो, शेती नाही. आमची शेती कधीच गेली. मी करावे गावचा. सीवूड्स स्टेशनच्या आसपास आज जे टॉवर दिसतात, त्या भागात आजोबांची भाताची खाचरं होती. १९७० साली सिडको आली, ठाणे, पनवेल, उरण मिळून ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. मोबदल्यासाठी भांडावं लागलं. जानेवारी १९८४ मध्ये जासईला गोळीबार झाला, पाच माणसं गेली, आणि त्यानंतर साडेबारा टक्क्यांचा हक्क मिळाला. हा वेगळा एपिसोड आहे, करणार आहे. पण मुद्दा हा की आमच्या घराण्यात जी भातशेती उरलीय ती आता फक्त मामाकडे. ती एका सल्ल्यावर बुडवायची माझी हिंमत नव्हती. म्हणून मी वाचायला बसलो. आणि लक्षात आलं की हा प्रश्न आपल्याकडे सत्तर वर्षांपूर्वीच विचारून झालाय.

आधी आजीचा किस्सा सांगतो. मागच्या वर्षी तिला मॉलमध्ये जपानी जेवायला नेलं होतं. तिने तो भाताचा गोळा बोटांनी दाबून बघितला, सुटेना, आणि म्हणाली, "आरं, यो भात नाय, यी खल हाय." खळ म्हणजे पूर्वी कागद चिकटवायला करायचे ती. आजीचं बालपण राता भातावर गेलंय. खाडीकाठच्या खारजमिनीत येणारा लाल, जाड तांदूळ. काळा राता, भुरा राता अशी त्याची नावं. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने त्यातून निवड करून वाण काढले होते, खारं पाणी सोसणारे. तर राता खाल्लेल्या बाईला सुशी म्हणजे खळ वाटणारच.

पण हा नुसता आवडीनिवडीचा मामला नाही. त्याच्या मागे सरळ रसायन आहे. तांदळातला स्टार्च दोन तऱ्हेचा असतो. एक अमायलोज, सुतळीसारखा सरळ. दुसरा अमायलोपेक्टिन, बाभळीच्या फांदीसारखा फाटे फुटलेला. अमायलोज जास्त, तर शिजल्यावर शीत मोकळं. अमायलोज कमी, तर शीत एकमेकांना धरून बसतं. जपान, कोरिया, उत्तर चीनच्या थंड भागात वाढलेल्या जॅपोनिका तांदळात अमायलोज साधारण १५ ते २० टक्के. आपल्याकडच्या बहुतेक इंडिका तांदळात २० ते २८. (इंडिका आणि जॅपोनिका ही नावं काटो नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९२८ मध्ये दिली. नावात जपान असलं तरी सगळे जॅपोनिका जपानचे नाहीत, इंडोनेशियाच्या डोंगरातही एक गट आहे. तो आज बाजूला ठेवू.)

आता मागे जाऊ. १९४३. मुंबईत रेशनिंग सुरू झालं. ब्रह्मदेश जपानच्या हातात गेला होता आणि मुंबईला येणारा ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला होता. स्वातंत्र्यानंतरही टंचाई संपली नाही. आणि गंमत बघा, ज्या जपानमुळे तांदूळ तुटला त्याच जपानकडे आपण शिकायला गेलो, कारण तिथे एकरी उतारा आपल्या कितीतरी पट होता.

पन्नाशीच्या सुरुवातीला बोरिवलीच्या कोरा केंद्रात खादी-ग्रामोद्योगवाल्या मंडळींनी जपानी पद्धतीने भात लावून बघितलं. बोरिवली! आज तिथे भाताचं रोप दिसलं तर लोक सेल्फी काढतील. तो प्रयोग गाजला, आणि १९५३ मध्ये केंद्र सरकारने देशभर मोहीम काढली. तेव्हा कृषिमंत्री होते अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख, १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं. त्यांनी ही मोहीम अक्षरशः डोक्यावर घेतली. आपल्या आजोबांच्या पिढीतल्या कुणाही शेतकऱ्याला विचारा, "जपानी पद्धत" हे शब्द त्याला माहीत असतात.

होतं काय त्यात? बियाणं मिठाच्या पाण्यात टाकायचं, तरंगेल ते फेकायचं, बुडेल ते पेरायचं. रोपं गादीवाफ्यावर करायची. लावणी ओळीत, एका चुडात दोन-तीनच रोपं. शेणखत, हिरवळीचं खत, वर अमोनियम सल्फेट. मग ओळींमधून कोळपणी. आपल्याकडे तोवर राब भाजायचे, म्हणजे फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून जमीन भाजायची आणि त्यात रोप टाकायचं. आवणीला मूठ सोडवून हाताला येईल तशी रोपं खोचायची. ओळबिळ कुणी बघत नसे. आजी सांगते, ओळीत लावायला दोरी धरायची म्हटल्यावर बाया हसायच्या. आणि मजुरी दुप्पट मागायच्या, तेही बरोबरच होतं, कारण वेळ दुप्पट लागायचा.

या यादीत एक गोष्ट नाही, लक्षात आलं का? बियाणं. जपानी पद्धतीत पद्धत जपानची होती, बियाणं आपलंच. साठीच्या दशकात भारत-जपान करारातून देशात ठिकठिकाणी प्रात्यक्षिक शेतं काढली, जपानी तज्ज्ञ येऊन राहिले, आणि महाराष्ट्रातलं असं शेत होतं खोपोलीला. मामाच्या घरापासून गाडीने जेमतेम अर्धा-पाऊण तास. म्हणजे जपानी माणसं आली, जपानी अवजारं आली, जपानी तांदूळ मात्र इथल्या खाचरात रुजला नाही.

का? आता थोडं सावकाश ऐका, कारण मामाचं उत्तर इथे आहे.

भात हे दिवस लहान झाल्यावर फुलणारं पीक. जपानमधल्या निगाताला जूनमध्ये दिवस पावणेपंधरा तासांच्या आसपास असतो. आपल्याकडे जूनचा सगळ्यात मोठा दिवससुद्धा सव्वातेरा तासांच्या आसपास. तिकडचं रोप इथे आणलं की त्याला पहिल्या दिवसापासून वाटतं, उन्हाळा संपला, घाई करा. त्यात आपली उष्णता. त्यामुळे फुटवे धरायच्या आतच ते पोटरीत येतं. जूनमध्ये पेरलं तर ऑगस्टमध्ये फुलणार, म्हणजे ऐन पावसात, ढगात, सूर्य नाही अशा दिवसांत.

आता आपला कोलम बघा. जुना झिनी किंवा कोलम दिवसाची लांबी मोजत थांबतो. ऑक्टोबर उजाडल्यावर फुलतो. दाणा भरतो तेव्हा पाऊस गेलेला, ऊन स्वच्छ, आणि हळूहळू रात्री गार व्हायला लागलेल्या. हे काही आपोआप झालेलं नाही. शेकडो वर्षं आपल्या लोकांनी ज्या लोंब्या चांगल्या वाटल्या त्या बियाण्याला ठेवल्या, त्यातून हे घड्याळ बसलंय. १९१९ साली कर्जतला भात संशोधन केंद्र सुरू झालं. त्याने सुरुवातीला काय केलं असेल, तर हेच स्थानिक वाण गोळा केले आणि त्यातून निवड केली. कोलंबा ४२, झिन्या १४९ ही नावं तिथून आली. वाडा कोलमला २०२१ मध्ये जीआय मिळालं, तोही याच घराण्यातला.

दाणा भरताना रात्र गार असणं इतकं महत्त्वाचं का? लोंबी बाहेर पडल्यानंतरचे पंधरा-वीस दिवस सरासरी तापमान २६-२७ अंशांच्या वर गेलं की दाण्यात स्टार्च घट्ट बसत नाही, कणांमध्ये हवा राहते. असा दाणा काचेसारखा न दिसता खडूसारखा पांढरा दिसतो. पोटात पांढरा डाग. तो गिरणीत टिकत नाही, मोडतो. तांदळाऐवजी कणी हातात येते. आणि आपल्याकडे ऑगस्टची रात्र पंचवीस अंशांच्या आसपास असते, दिवस तिशीला टेकतो. म्हणजे सरासरी त्या रेषेच्या पलीकडेच.

अजून एक फास आहे, मला सगळ्यात मजेदार वाटला तो हाच. अमायलोज बनवणारं जे जनुक आहे, वॅक्सी नावाचं, त्याची जॅपोनिकातली आवृत्ती जरा नादुरुस्त आहे, म्हणून तर अमायलोज कमी. आणि ही नादुरुस्त आवृत्ती तापमानावर हलते. थंडीत जरा बरं काम करते, गरमीत आणखी ढिली पडते. म्हणजे मुळातच चिकट असलेला तांदूळ इथे वाढवला की आणखी चिकट. इंडिकातली आवृत्ती गरमीने तितकी हलत नाही. सुशीवाल्याला ठरावीक चिकटपणा हवा असतो, तांदूळ चमकदार हवा, अख्खा हवा. मामाच्या शेतात निघणार जास्त चिकट, खडूसारखा आणि तुटका.

उन्हाळी हंगामात? तेही तपासलं. डिसेंबरात पेरलं तर सुरुवातीला गारवा मिळतो खरा, पण लोंबी येते मार्चच्या आसपास, आणि मार्च-एप्रिलमध्ये कर्जतला दुपारी काय तापतं ते आपल्याला माहीत आहे. काश्मीर खोऱ्यात थंड हवेचे वाण पिकतात, कारण ते सोळाशे मीटरवर आहे. कर्जत नाही.

मग उष्ण देशात जपानी तांदूळ कधीच कुणाला जमला नाही का? जमला. तैवानमध्ये. १८९५ पासून तैवान जपानच्या ताब्यात होता आणि जपानला तिथून आपल्या चवीचा तांदूळ हवा होता. वर्षानुवर्षं फसत गेलं. शेवटी इसो एइकिची आणि सुएनागा मेगुमु या दोघांनी सोडवलं. त्यांची एक युक्ती अगदी साधी: रोपवाटिकेत रोप म्हातारं होऊ द्यायचं नाही, कोवळंच लावायचं, म्हणजे शेतात त्याला वाढायला वेळ मिळतो. बियाणं वाढवायला तैपेईजवळच्या डोंगरातलं थंड खोरं निवडलं. १९२६ मध्ये या तांदळाला होराई असं नाव मिळालं, तैवानी लोक पोनलाई म्हणतात. आणि मग त्यांनी इथल्या हवेला जुळणारा वाण संकरातून काढला, तैचुंग ६५. पण तैवानमधून कर्कवृत्त जातं, आपण त्याच्याही खाली, १९ अंशांवर. आणि तिथे खाणारा जपान होता. इथे खाणारी माझी आजी आहे.

हे तैचुंग ६५ नाव लक्षात ठेवा, ते परत येणार आहे.

१९४६ मध्ये कटकला केंद्रीय भात संशोधन संस्था सुरू झाली, के. रामय्या तिचे पहिले संचालक. त्यांचं म्हणणं होतं, जपानी भात खत पचवतं आणि लोळत नाही, आपलं भात खत दिलं की लोळतं. दोघांचं लग्न लावू. १९५०च्या सुमारास जागतिक अन्न आणि शेती संघटनेच्या मदतीने कटकला मोठा प्रकल्प सुरू झाला. वेगवेगळ्या देशांतून वाण आले, शेकडो संकर झाले. पण ही सोयरीक अवघड. इंडिका-जॅपोनिका संकराच्या पहिल्या पिढीत पळिंज फार, लोंबी येते पण दाणा भरत नाही. इतक्या कष्टातून वर आलेल्या वाणांची नावं बोटांवर मोजता येतात. एक तमिळनाडूत तंजावरला गाजलं, एडीटी २७.

दुसरं भारतात गाजलंच नाही. आधी मलेशियात गाजलं. कटकला तैचुंग ६५ चा संकर मलायातल्या मायांग इबोस या तांदळाशी केला होता. ते बियाणं मलायाला गेलं, तिथे निवड झाली, आणि १९६५ मध्ये वाण बाहेर पडला. नाव महसुरी. लंकावी बेटावरच्या दंतकथेतल्या बाईचं नाव आहे ते. मसुरीच्या थंड हवेशी त्याचा काही संबंध नाही, मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं.

हा महसुरी मग भारतात परत आला आणि इथे ठिय्याच मारला. त्याच्यापासून सोना मसुरी झाला. आंध्रातल्या बापटला केंद्रातून १९८६ मध्ये सांबा महसुरी आला. आता वाशीच्या एपीएमसीच्या दाणा मार्केटला जा, किंवा घराजवळच्या सुपरमार्केटला. सोना मसुरीची पोती रचलेली दिसतील. महसुरीत तैचुंग ६५ चं रक्त रुपयात चार आणे, सोना मसुरीत त्याहून कमी. पण आहे. म्हणजे जपानी तांदूळ आला, फक्त आडनाव बदलून आला. शीत मऊ पण मोकळं, इडलीला नको पण रोजच्या वरण-भाताला चालणारं.

मधल्या काळात काय झालं ते भरभर सांगतो. साठीच्या मध्यावर तैवानचे वाण आणले, त्यात तैनान ३ सारखे पोनलाईही होते, ते मागे पडले. टिकला तो बुटका इंडिका, तैचुंग नेटिव्ह १. मग १९६६ मध्ये आयआर ८ आला. उतारा भरघोस, पण दाणा जाड, पोटात पांढरा, भात गार झाला की खडा. पोट भरलं, तोंड वाकडं झालं. म्हणून १९६८च्या जयानंतर, रत्नानंतर, पुढे कर्जतच्या वाणांत, प्रत्येक वेळी दाण्याच्या दर्जाचा प्रश्न पुन्हा पुन्हा आला. मला विचाराल तर भाताच्या या अख्ख्या इतिहासात उताऱ्याबद्दल लोक जेवढं बोलतात त्याच्या निम्मंही शिताबद्दल बोलत नाहीत, आणि शेवटी वाण जगतो की मरतो ते शितावर ठरतं.

आणि आता उलटं चाक बघा. जपानचा सगळ्यात लाडका तांदूळ कोशिहिकारी. २०२३ चा उन्हाळा निगातात इतका तापला की तिथल्या कोशिहिकारीत पहिल्या प्रतीचा तांदूळ ५ टक्क्यांच्या आसपासच निघाला. चांगल्या वर्षी तोच सत्तर-ऐंशी टक्के असतो. कारण तेच, दाणे खडूसारखे. पुढच्या वर्षी जपानच्या दुकानांत तांदळाची फळ्या रिकाम्या होण्याइतकी टंचाई झाली. आता तेही गरमी सोसणारे वाण लावतायत, निकोमारू, शिन्नोसुके वगैरे. कर्जतला आपण ज्या प्रश्नावर अडलो तो प्रश्न आता खुद्द निगाताच्या दारात उभा आहे.

हे सगळं मी मामाला सांगितलं. फोनवर, चाळीस मिनिटं. मामा शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "ते समदं खरं. पन तो माणूस बी फुकट देतोय. दोन गुंठे लावून बगतो."

मी म्हटलं, "मामा, दोनच. बाकी सगळं कोलम."

"तुज्या आजीला काय सांगू?"

"तिला काही सांगू नको."

दोन गुंठ्यांत लावलं. कोवळी रोपं लाव म्हणून मी हट्ट धरला होता, तैवानची युक्ती, मामाने तेही केलं. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मामाने फोटो पाठवला. आजूबाजूचा कोलम हिरवागार, कमरेला लागतोय, आणि मधे हे गुडघ्याएवढं, लोंबीसकट. साऱ्या शिवारात एकटंच फुललेलं, मग काय, ढेकण्या त्याच्यावर, चिमण्या त्याच्यावर. मामा रोज सकाळी पत्र्याचा डबा वाजवत होता. मळणीला पावसाने उसंत दिली नाही, पेंढा ओला, दाणा ओला, ओटीवर पंखा लावून वाळवला.

गिरणीवाल्याने तांदूळ हातात घेतला आणि म्हणाला, यात अख्खा कमी, कणीच जास्त. तो माल उचलणारा माणूस एकदा येऊन बघून गेला, कळवतो म्हणाला.

एक पिशवी मामाने आमच्याकडे पाठवली. आजीला काही न सांगता आईने डब्यात ओतली. आजीने दुसऱ्याच दिवशी ओळखलं. कणी निवडून वेगळी केली, पेज केली, मीठ टाकून वाटीभर प्यायली. मला म्हणाली, पेजेला बरा हाय. पुढच्या साली मामाला सांग, येवढाच लाव.